खवाट्यावर ठेवलेल्या त्या तळहाताला

फिजिओथेरपिस्ट ताई, सप्रेम नमस्कार.

आगारातल्या आम्हा सगळ्या चालकांचं हे पत्र.

हात वर नेताना खांद्याच्या टोकाला कळ, खवाट्याखाली, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या पात्याखाली, कटकट, रात्री त्या कुशीवर झोपायची सोय नाही. या दुखण्यावर आजवर काय मिळालं? मलम, मानेचा पट्टा आणि ‘विश्रांती घ्या’. मुक्कामाची गाडी घेऊन निघालेल्या माणसाला विश्रांती! एक्स-रे स्वच्छ आला की ‘काही नाही’ म्हणून बोळवण. शर्ट काढायला लावून पाठीमागून कुणी बघितलंच नाही.

तुम्ही केबिनमध्ये चढलात. सीटमागच्या दांडीला अंग चोरून उभ्या राहिलात, खवाट्यावर तळहात ठेवलात आणि म्हणालात, ‘आता करा हात वर.’ हात निघाला तसं खवाट्याचं खालचं टोक तुम्ही बाहेर-वर ढकलत नेलंत. जिथे रोज अडतो तिथून हात सरळ वर गेला. खांद्याला आधार हवा होता तो खवाट्याचा, हे तेव्हा उमगलं.

हात डोक्यावर नेताना 180 अंशांतले साधारण 60 खवाटा फिरून मिळतात. तो बरगड्यांवर नुसत्या स्नायूंनी तोललेला. धडाशी जोडणारा हाडाचा सांधा एकच, हासळीशी, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाशी. सीट मागे आणि हात ताणलेले असले की खवाटे तासन्‌तास पुढे ओढलेले राहतात. छातीचा लहान स्नायू आखडतो, काखेखालचा ढिला पडतो, त्याचं काम मानेजवळचा ओढतो. म्हणून मलम मानेला लागत राहतं!

आता पाठ टेकवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतंय का, हे गाडी हलवण्याआधी बघतो. हात दहा-दोनवर नाही, नऊ-तीनवर. फेरी संपली की भिंत: तळहात खांद्याच्या उंचीला, कोपर सरळ, छाती खवाट्यांच्या मध्ये बुडू द्यायची, मग भिंत ढकलत पाठ गोल करून 3 सेकंद. असं 10 वेळा. कोपर वाकले तर ते साधे दंड झाले, आणि खांदे कानाकडे चढले तर मानच राबली. दोन्ही मोजायचे नाहीत. मग दाराच्या चौकटीत हात टेकून छातीला ताण, 30 सेकंद, तीनदा. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर कोपर खाली घ्यायचा.

ढकलताना खवाट्याची आतली कड पंखासारखी उठली तर व्यायाम थांबवून मज्जातंतू तपासायचा, हेही तुम्हीच बजावलंत. जे आपल्या हातचं नाही ते सरळ सांगणारी माणसं आम्हाला फार भेटत नाहीत. शिवाय ड्रायव्हरच्या घामट पाठीला हात लावताना तुम्ही तोंड वाकडं केलं नाहीत, ते कुणी विसरलेलं नाही.

विश्रांतीगृहाच्या नव्या रंगावर खांद्याच्या उंचीला काळ्या पंजांची रांग उमटलीय. साहेबांनी विचारलं, ही घाण कुणाची? आम्ही तुमचं नाव सांगितलंय.

आपले,
आगारातले चालक