परदेशी पार्सल : खोक्यातल्या हवेचेही पैसे लागतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या नागपुरातून अमेरिका, लंडन, ऑस्ट्रेलियाला फराळाची पार्सलं निघायला लागतात, धरमपेठ म्हणा, प्रतापनगर म्हणा, खामला म्हणा, प्रत्येक गल्लीत कोणाचं ना कोणाचं लेकरू बाहेर आहेच. मी बरीच वर्षं ऑर्डरचा फराळ करून देते आणि पुष्कळदा पॅकिंगही माझ्याकडेच होतं, म्हणून लिहितेय. फराळाच्या किमतीपेक्षा कुरिअरचं बिल मोठं येतं, ते समजू शकतं, लांबचा पल्ला आहे. पण त्या बिलातले बरेच पैसे फराळाचे नसतातच, खोक्यातल्या रिकाम्या जागेचे असतात आणि काउंटरवर हे कोणी समजावून सांगत नाही.

कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, ५००० ने भागायचं, येईल ते व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे आकारमानाचं, वजन. हे आणि काट्यावरचं, दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे, तेही अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर नेऊन. विमानात जागा मोजकीच असते, तेव्हा नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की आपल्याला फोनवर फक्त "किलोला इतके" एवढंच सांगतात.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचं सांगते. सामान खोक्यासकट ४.२ किलो, दुकानदाराने हाताशी होतं ते ४० × ३० × ३० चं खोकं दिलं आणि वरची उरलेली जागा पेपरचे बोळे कोंबून भरली. गुणाकार ३६०००, भागिले ५००० म्हणजे ७.२, म्हणजे बिल साडेसात किलोचं! त्यावर फ्युएल सरचार्ज, त्यावर १८ टक्के जीएसटी. सामान खोक्यात २० सेंटीमीटरपर्यंतच होतं, चारही कोपरे कटरने तिथपर्यंत चिरून झाकणं नव्याने दुमडली असती तर तेच पार्सल ४.८ म्हणजे पाच किलोत बसलं असतं. दहा मिनिटांचं काम आहे हो, अडीच किलो वाचतात.

आणि फुगलेलं खोकं! हे तर कोणी लक्षातच घेत नाही. माप बाहेरून आणि सगळ्यात फुगीर जागी घेतात. वीसचं खोकं दाबून दाबून भरल्यामुळे मधोमध तेवीस झालं तर ४.८ चं ५.५२ होतं, म्हणजे सहा किलोचे पैसे. पुढे कुरिअरच्या मोठ्या केंद्रावर, म्हणजे हबवर, मशीनने परत माप घेतात, फरक निघाला तर पार्सल गेल्यावर जास्तीचं बिल येतं आणि मग भांडाभांडी.

फराळाच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ५००० चा अर्थ. ५००० घनसेंटीमीटर म्हणजे पाच लिटर, म्हणजे घरातल्या तेलाच्या पाच लिटरच्या कॅनएवढी जागा एका किलोला मिळते. जी वस्तू किलोमागे यापेक्षा जास्त जागा खाते तिचे पैसे आकारमानावर लागतात, कमी खाते तिचे वजनावर. मुरमुऱ्याचा किंवा पातळ पोह्यांचा चिवडा एकटाच पाठवला की हवेचेच पैसे जातात, बेसनाचे लाडू नाहीतर संत्रा बर्फी एकटी पाठवली की वजनाचे लागतात पण जागा वाया जाते. म्हणून दोन्ही एका खोक्यात पाठवावे, खाली लाडू-बर्फीचे चौकोनी डबे, वर आणि कडेच्या फटींमध्ये चिवड्याची, शेवेची पाकिटं, मग बोळे कोंबायची गरजच पडत नाही. दोन बहिणींनी एकाच घरी दोन वेगळी खोकी पाठवण्यापेक्षा एकच पाठवलं तरी फायदा होतो.

गोल बरण्या आणि गोल डबे मात्र नकोच. चौकोनात गोल ठेवलं की जवळपास पाचवा हिस्सा जागा रिकामी राहते, आणि स्टीलचा डबा असेल तर वजनही वाढतं. साड्या, स्वेटर, गोधडी असेल तर व्हॅक्युमची पिशवी घ्या, पण एक लक्षात ठेवा, त्याने आकार कमी होतो, वजन नाही, त्यामुळे आकारमानाचं वजन काट्यावरच्या वजनाच्या खाली आलं की पुढे दाबून काही मिळत नाही. मी तर तिथेच थांबते. चकल्या कोणी दाबू नये, एवढं तरी सांगायला नको!

पैसे वाचवायला पातळ खोकं घेणं मला अजिबात पटत नाही. तीन प्लायचं, म्हणजे पुठ्ठ्याच्या तीन थरांचं, जुनं, आधी वापरलेलं खोकं रस्त्यात दबतं, लोणच्याचं तेल सगळ्यावर पसरतं आणि मग वाचलेले पैसे काय कामाचे. पाच प्लायचं नवीन खोकं घ्यावं, लोणचं दोन पिशव्यांत घालून सगळ्यात मधे ठेवावं आणि टेप मधल्या फटीवर तर लावावीच पण दोन्ही कडांवरही लावावी.

२०२५ मध्ये ऑगस्टच्या शेवटी पोस्टाने अमेरिकेची पार्सलं थांबवली होती, तिकडचे कस्टमचे नियम बदलले म्हणून, ती १५ ऑक्टोबरला सुरू झाली तेव्हा दिवाळी अगदी तोंडावर आली होती. त्या काळात ज्यांना फराळ पाठवायचाच होता त्यांच्यापुढे खाजगी कुरिअरच उरलं, आणि ज्यांनी आयुष्यात कधी खोकं मोजलं नव्हतं त्यांना एकदम हे साडेसात-साडेसात किलोचे आकडे बघावे लागले. पेन्शनवर राहणारे आईवडील असतात त्यात, लेकरासाठी पाठवतात म्हणून मुकाट्याने देऊन येतात.

मिहानसारखा कार्गो हबचा प्रकल्प असलेल्या शहरात एवढं तर व्हायलाच हवं की प्रत्येक कुरिअर काउंटरवर हे सूत्र मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लावलेलं असावं, गिऱ्हाईकासमोर टेपने माप घ्यावं, आणि एकच मोठं खोकं ठेवण्यापेक्षा तीन-चार मापांची ठेवावीत. आपल्या पेपरलाही विनंती आहे की दिवाळीच्या महिनाभर आधी हे सूत्र उदाहरणासकट एका चौकटीत छापावं, म्हणजे लोकांना ते कापून फ्रिजवर लावता येईल.

आपली,
एक वाचक
प्रतापनगर, नागपूर