शेजीचा सूर

ती. बाबा आणि ती. आई,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

आपलं फोनवर रोजच बोलणं होतं, तरी आज मुद्दाम लिहायला बसले. आई, मला तुझी माफी मागायची आहे आणि ती फोनवर मागणं माझ्याच्याने होत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तब्येतीच्या चौकशा करून फोन ठेवला. पण त्याआधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण माफीची वाट तिथूनच जाते.

बाबा, तुम्ही विचारलंत, तू परदेशातल्या चर्चमध्ये उपासनेचं गायन चालवतेस, पण रविवारी गाणी चार-पाच, मग बाकीचा आठवडा कशात जातो? मंगळवारी पाळकसाहेब रविवारचा बायबलमधला शास्त्रपाठ कळवतात. तो मी दोन-तीन दिवस नुसता वाचत राहते, गाणी लगेच निवडत नाही. गाणी ठरली की सगळ्यात जास्त वेळ जातो पट्टीत, म्हणजे गाणं किती उंच सुरात बसवायचं त्यात. रेकॉर्डिंगमधला गायक पांढरी सातमध्ये, म्हणजे पेटीच्या सातव्या पांढऱ्या पट्टीच्या उंच सुरात गातो, तो कसलेला असतो आणि त्याच्या गळ्यात ते शोभतंही. पण मंडळीत आजोबा असतात, नुकता आवाज फुटलेली मुलं असतात, आठवडाभर वर्गात बोलून घसा बसलेल्या शिक्षिका असतात. वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे चाल गेली की निम्मे लोक गप्प होतात. त्यांना वाटतं, आपल्याला गाता येत नाही. खरं तर चूक पट्टी निवडणाऱ्याची असते. म्हणून पांढरी सातचं गाणं मी पांढरी पाचवर आणते, कधी चारवरही. गाण्याची चमक थोडी कमी होते. होऊ दे. चमक मंडळीच्या आवाजात असावी.

हे मी तुमच्याकडूनच शिकले. शेवटच्या कडव्याला तुम्ही भाता सोडून द्यायचात. पेटी थांबायची आणि उरायचा तो फक्त लोकांचा आवाज, थोडा इकडे तिकडे सरकणारा, पण कुणाचाही आधार न घेता उभा राहिलेला. लहानपणी मला वाटायचं, तुमचा हात दुखत असणार.

इथे वाद्यवृंद मोठा आहे. ड्रम, दोन गिटार, कीबोर्ड. आम्हा सगळ्यांच्या कानात इअरफोन असतात. त्यात ताल देणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक येते, माझा स्वतःचा आवाज येतो, गिटार येते. येत नाही ती फक्त मंडळी. कित्येक महिने मी शेकडो लोकांसमोर उभी राहून गात होते आणि त्यांचा आवाज मला ऐकूच येत नव्हता. मग एका रविवारी मी एका कानातला इअरफोन काढला. ताल थोडा सांभाळावा लागला, पण लोक ऐकू येऊ लागले. आणि मंडळीचा आवाज ऐकायची सवय झाली की त्यातली शांतताही ऐकू येते. डावीकडून तिसऱ्या रांगेत एका जागी आवाज नव्हता.

तिथे एक बाई उभ्या असायच्या. गाणं पडद्यावर, त्यांची नजर पडद्यावर, ओठ मिटलेले. एक रविवार गेला, दोन गेले, पाच गेले. त्यांचे यजमान नुकतेच वारले होते हे मला माहीत होतं. मी काय केलं असेल? पुढच्या आठवड्यात आणखी उत्साहाची गाणी निवडली. त्यांना उभारी यावी म्हणून. त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी एकदा उपासनेनंतर मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, गाण्यात काही कमी पडतंय का, तुम्हाला आवडेल असं काही घेऊ का. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मला सध्या गाता येत नाही, म्हणूनच तर मी इथे येते. घरी मी एकटी असते, तिथे माझ्या वतीने गायला कुणी नाही.

त्या रात्री मी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली. एकशे पन्नास स्तोत्रं आपण लहानपणापासून वाचतो, पण मी नेहमी स्तुतीचीच शोधत आले, कारण गीत लिहिणाऱ्याला ती उपयोगी पडतात. या वेळी दुसरी शोधली. सुमारे तिसरा हिस्सा तरी रडण्याचा आहे, बाबा. १३व्या स्तोत्रात सुरुवातीच्या दोनच ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. ते स्तोत्र निदान शेवटी गाण्यापर्यंत पोचतं. ८८वं तर पोचतही नाही. ते आक्रोशाने सुरू होतं आणि मूळ हिब्रूत अंधार या शब्दावरच संपतं, पुढे एक ओळ नाही. आणि तरी ते गाण्यांच्या पुस्तकात आहे, त्याच्या मथळ्यावर ‘मुख्य गवयासाठी’ असं लिहिलं आहे. म्हणजे कुणीतरी ते लिहून आपल्या खोलीत ठेवलं नाही, गायन चालवणाऱ्याच्या हाती दिलं: हे सगळ्यांकडून गाऊन घ्या. पंचावन्न स्तोत्रांच्या मथळ्यावर तो गवई आहे. माझं काम करणारा माणूस. त्याने दुःखी चालीसुद्धा बसवून घेतल्या असतील, त्यांची तालीम घेतली असेल, लोकांना कुठे श्वास घ्यायचा ते सांगितलं असेल.

आणि क्रुसावर आपल्या प्रभूच्या तोंडी आलं तेही २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मरणाच्या यातनेत, पूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेले शब्द त्याने घेतले. हे मी शंभरदा वाचलं असेल. पण पाठ झालेलं स्तोत्र अशा वेळी माणसाला धरून ठेवतं, हे मला आत्ता कळलं.

आमच्या बैठकीत मी म्हटलं, महिन्यातून एकदा तरी विलापाचं गीत घेऊ. एकजण म्हणाले, लोक आधीच थकून येतात, त्यांना आणखी जड का करायचं. त्यांची काळजी खरी आहे, मी ती हसण्यावारी नेली नाही. पण मला ते पटत नाही. जड मन घेऊन आलेल्या माणसाला सलग पाच आनंदगीतं दिली, तर त्याला एकच गोष्ट कळते, की इथे येण्याआधी मन बाहेर ठेवून यायचं असतं.

बाबा, तुम्हाला जॉन न्यूटनची गोष्ट ठाऊक आहे, गुलामांच्या जहाजावरचा कप्तान आणि पुढे पाळक. कृपेवरचं त्याचं गीत, ‘अमेझिंग ग्रेस’, जे आज जगभर गातात, त्याने १ जानेवारी १७७३च्या उपासनेसाठी लिहिलं होतं. आज आपण ज्या चालीवर ते गातो ती तर त्याला १८३५ साली जोडली गेली, त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी. पण मला सध्या आठवते ती गोष्ट वेगळी आहे. न्यूटनच्याच गावात, इंग्लंडमधल्या ओल्नीत, त्याचा मित्र कूपर राहायचा, मोठा कवी. दोघं मिळून मंडळीसाठी गीतं लिहीत. त्याच जानेवारी महिन्यात कूपरचं मन पूर्ण ढासळलं. देवाने आपल्याला टाकलंय अशी त्याची खात्री झाली. न्यूटनने त्याला वर्षभराहून जास्त आपल्या घरी ठेवून घेतलं. मित्र लिहू शकत नव्हता, न्यूटन एकटाच लिहीत राहिला, आणि १७७९ साली पुस्तक छापलं तेव्हा त्यात कूपरची साठाहून जास्त गीतं न्यूटनच्या गीतांशेजारी होती. कृपेचं गीत लिहिणं मोठंच आहे. पण ज्याला ती कृपा दिसेनाशी झाली त्याला घरात जागा देणं, हे मला त्याच गीताचं पुढचं कडवं वाटतं.

आई, आता तुझ्याकडे येते.

मामा गेला त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. तू दर रविवारी माझ्या शेजारी उभी असायचीस, गीतांचं पुस्तक उघडं, पान बरोबर, आणि आवाज नाही. बाबा पुढे पेटीवर. मला लाज वाटायची. पेटी वाजवणाऱ्याची बायको गात नाही, लोक काय म्हणतील. मी तुला कोपराने ढोसायचे. एकदा तर कानाशी येऊन म्हटलं, ‘आई, गा ना, सगळे बघतायत.’ तू माझ्याकडे बघितलंस आणि गायला लागलीस. दीड ओळ. मग तुझा आवाज फाटला, आणि मागच्या रांगेतल्या मावशींनी तुझ्या खांद्यावर हात ठेवून ती ओळ मोठ्याने पुरी केली. त्या बेसूर गायच्या. तेव्हा मला त्यांचाही राग आला होता.

आई, मला माफ कर. तुझ्या गप्प उभं राहण्यात किती विश्वास होता हे मला कळलं नाही. तू घरी थांबू शकली असतीस. पण तू येत राहिलीस, पुस्तक उघडत राहिलीस, आणि बाकीचे तुझ्यासाठी गात राहिले. इतकी वर्षं मी गायन शिकले, चाली बांधायला शिकले, आणि उपासना म्हणजे काय हे त्या मावशींनी एका बेसूर ओळीत आधीच दाखवून ठेवलं होतं.

यावरच मी एक गीत लिहायला घेतलं. आधी इथल्या भाषेत लिहीत होते, चार आठवडे. अडलं ते एका शब्दावर, ‘आपण’ आणि ‘आम्ही’. इथल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे मात्र ‘आम्ही’ म्हटलं की आपण देवाकडे तोंड करून बोलतोय, तो समोर आहे. ‘आपण’ म्हटलं की शेजारच्याकडे वळलो. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो, स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक प्रबंध एकमेकांशी बोला आणि प्रभूला गा. एका श्वासात दोन दिशा. मराठीत गीत लिहिणाऱ्याला प्रत्येक ओळीत ठरवावं लागतं, आत्ता तोंड कुणीकडे आहे. मला ते ठरवायचंच होतं. म्हणून सरळ मराठीत आले, आणि आल्याबरोबर अभंग सुचला. सहा, सहा, सहा, चार अक्षरं.

इथे बसून तो लिहिताना मला फादर स्टीफन्स आठवतात. इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस १५७९ साली गोव्यात आला, आपली भाषा शिकला, आणि १६१६ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात ख्रिस्ताची कथा त्याने दहा हजारांहून जास्त ओव्यांत सांगितली. परक्या गळ्यात आपला छंद त्याने एवढा मुरवला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर पुढे अभंगच प्रभूच्या पायी वाहिला. तो छंद मी परदेशात येऊन अडगळीत टाकला होता. आता रोज रात्री जेवण झालं की बोटांवर अक्षरं मोजत बसते.

पहिली दोन कडवी झाली आहेत:

आज माझ्या ओठी सूर नाही देवा,
शेजीचा तो घ्यावा माझ्या नावे.

उद्या तिचे डोळे भरतील जेव्हा,
माझा सूर तेव्हा तिचा व्हावा.

‘शेजी’, म्हणजे शेजारीण, हा शब्द तुझा आहे, आई. जात्यावरच्या ओव्या तू म्हणून दाखवायचीस त्यांतला. मी आधी ‘शेजारी’ लिहिलं होतं, पण त्यात कुंपण दिसत होतं. शेजी म्हटलं की मला त्या मावशीच दिसतात, तुझ्या खांद्यावर हात ठेवलेल्या.

बाबा, चाल मी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमापासून मध्य सप्तकातल्या पंचमापर्यंतच ठेवली आहे, त्याच्या वर कुठेही जात नाही. रडून घसा बसलेल्यालाही गुणगुणता यावी. ‘माझ्या नावे’ या चार अक्षरांनंतर तालाचं एक पूर्ण आवर्तन रिकामं सोडलं आहे. स्तोत्रांत एकाहत्तर वेळा ‘सेला’ हा हिब्रू शब्द येतो, त्याचा अर्थ जाणकारही ठामपणे सांगत नाहीत, पुष्कळजण तो थांबण्याचा इशारा मानतात. मी तो तसाच घेतला. त्या रिकाम्या आवर्तनात आमचा ड्रमवाला सुरुवातीला सवयीने काहीतरी भरायचा. मी त्याला तिसऱ्या रांगेबद्दल सांगितलं. आता तो काड्या मांडीवर ठेवून शांत बसतो. इथल्या मंडळीसाठी अर्थ पडद्यावर दाखवू, गाणं मात्र मराठीतच होईल, पाळकसाहेबांनी आनंदाने हो म्हटलं आहे. त्या बाईंना मी शब्द समजावून सांगितले. ‘माझ्या नावे’ हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि कागदावर आपल्या लिपीत लिहून पर्समध्ये ठेवलं.

तिसरं कडवं अडलं आहे:

किती वेळ देवा, किती वेळ सांग,
आसवांची रांग…

पुढची चार अक्षरं हवी आहेत. ‘संपेना ही’ बसतं, पण ते फार पटकन बसलं, म्हणून मला त्याचा भरवसा वाटत नाही. त्या महिन्यांत गीतांचं पुस्तक उघडं धरून तू मनात काय म्हणायचीस, आई, ते मी तुला कधी विचारलंच नाही. आठवत असेल तर सांग. चार अक्षरांत बसलं नाही तरी चालेल, बसवायचं काम माझं. बाबांना म्हणावं, पेटी काढून दोन्ही कडवी वाजवून बघा, आणि तुझ्या गळ्याला कुठली पट्टी बरी पडते ते मला कळवा.

तुमची लेक