लाल दिवा लागत नाही म्हणजे चार्जिंग चालू आहे असं समजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या शेती पुरवणीत ट्रॅक्टरवर काही आलं की ते नव्या मॉडेलवरच असतं, एवढे हॉर्सपॉवर, तेवढे गिअर, उचलायची ताकद एवढी. वाचायला बरं वाटतं. पण ज्याच्याकडे पंचवीस-तीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर आहे तो संध्याकाळी काय करतो माहितीये का, तो उतार शोधतो. तोंड उताराकडे करून लावायचा आणि सकाळी क्लच सोडून चालू करायचा, कारण सेल्फ नुसता टक् टक् करतो. डिझेल इंजिनला ना प्लग ना स्पार्क, जुन्या साध्या इंजिनाला एकदा चालू झाल्यावर बॅटरीची गरजच पडत नाही, त्यामुळे दिवसभर काम होत राहतं आणि चार्जिंग बंद पडलंय हे महिनोन् महिने कळतच नाही. मी असे चार महिने काढले, त्यात दोन बॅटऱ्या आणि एक अल्टरनेटर (इंजिनावर फिरून करंट बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा) घालवला, म्हणून हे पत्र लिहितोय.

झालं असं की पहिल्यांदा सेल्फ मारेना तेव्हा मेकॅनिक बघून म्हणाला बॅटरी गेली, बदला. बदलली. तीन आठवड्यांत परत तेच, मग म्हणाला ही बॅटरीच खराब लागली, ती पण बदलली. तिसऱ्या वेळी म्हणाला आता अल्टरनेटरच गेला असणार, तोही नवीन टाकला आणि महिन्याच्या आत मी परत उतारावर. त्याला पूर्ण दोष देत नाही, सीझनमध्ये त्याच्या दारात रांग असते, पण एवढ्या सगळ्यात मीटर एकदाही लावला नाही हे खरंय, आणि लाव म्हणून मी पण सांगितलं नाही.

शेवटी मुलगी कॉलेजच्या प्रॅक्टिकलचा मल्टीमीटर घेऊन आली, म्हणाली बाबा आधी मोजू तरी. मी टॉर्च धरला. तिने मीटरची पिन क्लॅम्पवर न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवली (क्लॅम्प आणि खुंटीच्या मध्येच गंज असतो, क्लॅम्पवर मोजलं तर रीडिंग फसवतं). इंजिन बंद, 12.3 व्होल्ट. चालू केलं, 12.2. थोडा रेस केला तरी 12.2. मग मी वैतागून जोरात रेस केला तर आकडा एकदम 14 वर गेला आणि इंजिन परत हळू केल्यावरही खाली येईना! बंद करून पुन्हा चालू केलं तर परत 12.2. म्हणजे नवा अल्टरनेटर चांगला होता, त्याला कोणी जागं करत नव्हतं.

आणि जागं कोण करतं, तर डॅशबोर्डवरचा तो बारका लाल दिवा. चावी फिरवली की बॅटरीचा करंट त्या बल्बमधूनच अल्टरनेटरच्या आतल्या कॉइलला जातो, त्याने तिच्यात चुंबक तयार होतं आणि मग अल्टरनेटर करंट बनवायला लागतो, तो बनायला लागला की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो. आमचा बल्ब फ्यूज होता. चार महिने मी त्या न लागणाऱ्या दिव्याकडे बघून समाधान मानत होतो की लाल दिवा नाही म्हणजे चार्जिंग ठीक आहे. खरं तर चावी फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी तो लागलाच पाहिजे, तिथे नाही लागला तर आधी बल्ब बघा, मग त्याची वायर. बल्ब बदलला आणि 14.1, मंद चालीवर सुद्धा. अजून एक, तिथे हौसेने एलईडी लावू नका, तिच्यातून जाणारा करंट बऱ्याचदा पुरत नाही आणि आमच्यासारखीच गंमत होते.

आता बाकीच्यांसाठी, कारण सगळ्यांचा काय बल्बच गेलेला नसतो. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची 12 व्होल्टची चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी उतरलेली, 12 च्या खाली गेली की तिला आधी बाहेरून फुल चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे. सेल्फ मारताना साडेनऊच्या बरंच खाली पडत असेल तर मात्र बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या मध्ये पाहिजे. 15 च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीचं पाणी सारखं आटतं ते त्यामुळेच, आणि लोक पाणी टाकत बसतात. बेल्ट अंगठ्याने दाबून बघा, बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त आत जात असेल किंवा कडा आरशासारख्या चमकत असतील तर तो पुलीवर घसरतोय.

अर्थिंगचं तर विचारूच नका. ट्रॅक्टरला रंग मारला की हमखास हा घोळ होतो, बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीखाली रंग बसतो आणि पट्टी वरून अगदी घट्ट दिसते. हे पकडायला सोपं आहे, इंजिन चालू, लाइट लावलेले, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. 0.2 व्होल्टच्या वर आलं तर मध्ये कुठेतरी करंट अडतोय, बोल्ट खोला, पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. आमच्याकडे बल्ब बदलल्यावर सुद्धा 0.6 आलं होतं!

ज्यांच्याकडे अल्टरनेटरच्या जागी अजून जुना डायनमो आहे त्यांचं वेगळं. तिथे कटआऊट नावाचा आपोआप चालणारा स्विच असतो, डायनमोचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेला की तो जोडतो आणि खाली आला की तोडतो. त्याचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद केल्यावर बॅटरीचा करंट उलटा डायनमोत जातो आणि वायर तापून धूर निघतो, असं दिसलं तर आधी बॅटरीची वायर काढा, बाकीचं मग. खूप दिवस उभ्या राहिलेल्या डायनमोतलं उरलंसुरलं चुंबक गेलेलं असू शकतं, मग तो फिरतो पण बनवत काहीच नाही, आणि लोक आर्मेचर (आतला फिरणारा तारेचा भाग) गुंडाळायला टाकतात. कार्बन (ब्रश) झिजलेत का, ते ज्यावर घासतात ते खालचं तांबं काळं पडलंय का एवढं तरी आधी बघा. आणि 1960 च्या दशकापर्यंतचे बरेच ब्रिटिश बनावटीचे ट्रॅक्टर, उदाहरणार्थ फर्ग्युसन टीई 20, पॉझिटिव्ह अर्थचे आहेत, म्हणजे बॉडीला प्लस. असल्या ट्रॅक्टरवर तसंच वायरिंग ठेवून साधा निगेटिव्ह अर्थचा अल्टरनेटर बसवला तर त्याच्या आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जागेवरच जातात.

आणि ती जुनी टेस्ट, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन चालू राहिलं तर चार्जिंग चांगलं, ती कृपा करून बंद करा. डिझेल इंजिन तसंही चालूच राहणार, त्यातून कळत काहीच नाही, वर बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतो आणि चांगले डायोड उडतात. डायनमोच्या जमान्यातली सवय आहे, अजून गेली नाही.

माझी मागणी एवढीच, पुरवणीत नव्या मॉडेलच्या शेजारी जुन्या मशिनसाठी एक कोपरा द्या, त्यात हे व्होल्टचे आकडे छापा, लोक कापून बॉनेटच्या आत चिकटवतील. काढून टाकलेला जुना अल्टरनेटर मी परवा तपासून घेतला, तो पण चांगला निघाला, आता घरात एक स्पेअर पडलाय आणि बायको दर दोन दिवसांनी विचारते हे काय आहे.

आपला,
एक जुना ट्रॅक्टरवाला वाचक