घरांचे भाव "स्थिर" म्हणजे नक्की कोणते भाव, ते एकदा छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात घरांच्या बाजाराबद्दल जे काही येतं ते मी आवर्जून वाचतो, आणि एक गोष्ट कधीपासून खटकतेय म्हणून आज हे पत्र. बाजार चढत असला की हेडिंगमध्येच आकडा असतो, एवढे टक्के वाढ, एवढ्या वर्षातला उच्चांक वगैरे. तोच बाजार पडायला लागला की आकडा गायब, आणि त्याच्या जागी नुसते शब्द. "भाव स्थिर". "खरेदीदार सावध". "बाजार सावरण्याच्या मार्गावर". अहो पण स्थिर आहे तो कोणता भाव? जाहिरातीत लिहिलेला, की ज्या भावाला घर खरंच विकलं गेलं तो? बाजार तेजीत असताना या दोघांत फारसा फरक नसतो, पडत्या बाजारात मात्र जमीन-अस्मानाचा असतो, आणि नेमका तेव्हाच तुम्ही जाहिरातीतला छापता. माझं म्हणणं एवढंच की झालेल्या सौद्यांची किंमत छापा, किती सौदे झाले ते छापा, आणि सांगितलेली किंमत छापायचीच असेल तर ती नुसती सांगितलेली आहे असं स्पष्ट लिहा.

शेअर पडला तर त्याच मिनिटाला स्क्रीनवर लाल दिसतो, घराचं तसं होत नाही. घर विकणारा भाव पाडत नाही, तो आधी अडून बसतो. शंभराला घेतलेलं असतं, आता गिऱ्हाईक ऐंशीच्या वर जायला तयार नाही, पण याचं एकच, "माझे शंभर तरी सुटले पाहिजेत". बाजाराला त्याच्या शंभराशी काही देणंघेणं नसतं पण त्याला असतं ना. यावर रीतसर अभ्यास झालाय. जेनेसोव्ह आणि मेयर या दोन अर्थतज्ज्ञांनी बोस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅट-विक्रीचा डेटा तपासला, शोधनिबंध २००१ चा आहे. ज्यांना तोट्यात विकायची वेळ आली होती ते लोक तशाच दुसऱ्या फ्लॅटपेक्षा किंमत चढी सांगत होते आणि त्यांचे फ्लॅट जास्त दिवस पडून राहत होते. म्हणजे पडत्या बाजारात आधी सौदे आटतात, भाव मागाहून पडतो. अमेरिकेत अगदी असंच झालं, जुन्या घरांच्या विक्रीची संख्या २००५ मध्येच शिखरावर जाऊन उतरायला लागली होती, भाव मात्र २००६ च्या मध्यापर्यंत चढतच होते. त्या मधल्या काळात ज्याने फक्त भावाचा ग्राफ बघितला त्याला सगळं छान चाललंय असंच वाटलं असणार, आणि ज्याने सौद्यांची संख्या बघितली त्याला आधीच कळलं असणार की पाणी मुरतंय.

एकाच जाहिरातीवर काही महिने नजर ठेवून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल. आधी घर येतं झोकात, फोटोत सगळे दिवे लावलेले, किंमत शंभर, खाली "फिक्स". थोड्या आठवड्यांनी "फिक्स" जाऊन "थोडंफार बोलता येईल" येतं. मग शहाण्णव होतात. मग एक दिवस जाहिरातच गायब, आपल्याला वाटतं गेलं बुवा घर, आणि एजंटही विचारलं तर तसंच सुचवतो. मग तेच घर परत येतं, दुसऱ्या एजंटकडून, फोटो वेगळ्या कोनातून काढलेले (पण खिडकीची ती तुटकी जाळी तीच), किंमत ब्याण्णव आणि वर लेबल "नवीन". आता बाजारात किती दिवस पडून आहे हे मोजणारं काउंटर शून्यापासून सुरू. शेवटी कोणीतरी त्र्याऐंशीला घेतो, पण त्र्याऐंशी कुठेच छापून येत नाही. छापून येतं ते "सरासरी अपेक्षित किंमत", ज्यात ते ब्याण्णव धरलेले असतात.

बिल्डरचं गणित आणखी वेगळं. त्याने नव्या इमारतीत उघडपणे भाव उतरवला तर आधी चढ्या भावाने घेतलेले लोक दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसतात, आणि बँकही विचारते तारण ठेवलेल्या मालाची किंमत आता काय धरायची. म्हणून तो छापील रेट हलवत नाही. त्याऐवजी पार्किंग फुकट देतो, किचन बसवून देतो, कागदपत्रांचा खर्च स्वतः उचलतो, सुरुवातीचे काही हप्तेही भरतो. सगळं जोडून बघितलं तर दहा टक्के कुठे गेले कळत नाही, पण रेटकार्डवर तोच आकडा. आणि तुमची बातमी रेटकार्डवरून.

सरासरी हे तर आणखी फसवं प्रकरण, याच्याकडे तुमच्या उपसंपादकांनी जरा नीट बघावं ही विनंती. समजा एका महिन्यात दहा घरं विकली गेली, सहा लहान पन्नासला आणि चार मोठी दीडशेला. सरासरी आली नव्वद. पुढे बाजार पडला, प्रत्येक घर सरसकट दहा टक्क्यांनी उतरलं, लहान पंचेचाळीसवर आलं आणि मोठं एकशे पस्तीसवर. पण त्याच वेळी बँकांनी कर्जाला हात आखडता घेतला म्हणून लहान घर घेणारी मंडळी बाजारातून बाहेर गेली, आणि लहान घरं विकली गेली फक्त दोन, मोठी चारच्या चार. आता सरासरी काढा, एकशे पाच येते. एकूण एक घर दहा टक्के स्वस्त झालंय आणि सरासरी सतरा टक्क्यांच्या आसपास वाढलीय! आणि हेडिंग काय येणार, "घरांच्या किमतीत घसघशीत वाढ". कोणी खोटं बोललं नाही, बेरीज-भागाकारही बरोबर, तरी बातमी उलटी. मीडियन काढला, म्हणजे किमती ओळीने लावून मधली घेतली, तरी या दोषातून पूर्ण सुटका नाही.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. एकच घर दोन वेळा विकलं गेलं तर त्या दोन किमतींची तुलना करायची, म्हणजे लहान-मोठ्याची सरमिसळच होत नाही. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात याच पद्धतीवर घरांच्या भावांचा आपला निर्देशांक उभा केला, पुढे २०१३ मध्ये शिलर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. यातही उशीर आहेच, आकडा तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो आणि दोनेक महिने मागून येतो, म्हणजे आज जे वाचतो ते मागच्या ऋतूतलं असतं. पण निदान ते खरं तरी असतं.

आणि या निर्देशांकाने आणखी एक गोष्ट दाखवली, "देशातले घरांचे भाव" हा आकडा सामान्य माणसाच्या फारसा कामाचा नाही. अमेरिकेत २००६ ते २०१२ मध्ये देशपातळीवर घसरण साधारण २७ टक्के होती. पण लास वेगासमध्ये ती ६० टक्क्यांच्या वर गेली आणि डॅलसमध्ये दहा-अकरा टक्क्यांवर थांबली. देश एकच, व्याजदर तेच, पण एकीकडे कर्ज बुडीत आणि दुसरीकडे लोक म्हणतायत कसली मंदी. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेव्हाडात तर एक वेळ अशी होती की गहाण घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांवर त्यांच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त होतं. हे समजायला अवघड नाही, शंभराच्या घराला दहा स्वतःचे घातले आणि नव्वद कर्ज काढलं, भाव पंच्याहत्तरवर आला, तर घर विकूनही बँकेचे जवळजवळ पंधरा अंगावर राहतात, आणि नोकरी दुसऱ्या गावी लागली तरी माणूस हलू शकत नाही. म्हणून म्हणतो की आकडा त्या-त्या भागाचा पाहिजे, जमलं तर शहराच्याही आत उतरून.

आता तुम्ही म्हणाल आम्ही आकडा आणायचा कुठून. जिथे मनावर घेतलं तिथे तो सरकारनेच उघड केलाय. इंग्लंड आणि वेल्समध्ये लँड रजिस्ट्री १९९५ पासूनच्या सौद्यांची किंमत पत्त्यासकट देते, घर नवीन की जुनं, कोणत्या प्रकारचं, सगळं, आणि फुकट. आयर्लंडला तर ठेच लागल्यावर शहाणपण आलं, तिथे २००७ नंतर सहा वर्षांत घरांचे भाव जवळपास निम्म्यावर आले आणि त्या काळातला बराचसा भाग लोक अंदाजपंचे बोलत होते, शेवटी २०१२ मध्ये सरकारने किमतींचं रजिस्टर सगळ्यांसाठी खुलं केलं, २०१० पासूनच्या सौद्यांसकट. उलट टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारला कळवायचं बंधनच नाही, त्यामुळे तिथे खरा भाव एजंट लोकांच्या यादीत राहतो. ज्याच्या हातात यादी त्याच्या हातात बातमी.

आणि ज्यांचं पोट सौद्यावर आहे त्यांच्या आकड्यावर किती विसंबायचं हेही एकदा बघून घ्या. अमेरिकेतल्या एजंटांची मोठी संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स, हिने २०११ च्या डिसेंबरात जाहीर केलं की २००७ ते २०१० चे आमचे विक्रीचे आकडे सुमारे १४ टक्क्यांनी फुगलेले होते. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्यांनी मोजणीतली कारणं दिली होती आणि सुधारणा त्यांनी स्वतःच केली. पण संकटाच्या ऐन भरात सगळे पेपर तेच फुगलेले आकडे छापत होते हेही तितकंच खरं.

एक आक्षेप मला माहीत आहे, तो नेहमी येतो. घसरणीच्या बातम्या छापल्या की लोक घाबरतात आणि बाजार आणखी पडतो, तेव्हा पेपरने जबाबदारीने वागावं. वा. मग चढतीच्या बातम्या छापल्या की लोक घाईघाईने आवाक्याबाहेरचं कर्ज काढतात, तेव्हा ही जबाबदारी कुठे असते? भाव झाकून बाजार सावरत नाही. चीनमध्ये २०२१ मध्ये काही शहरांनी फर्मानच काढलं होतं की नवीन घरं अमुक किमतीच्या खाली विकायची नाहीत. झालं काय, बाजार त्यानंतरही कैक वर्षं खालीच जात राहिला. भाव गोठवला की आटतात ते सौदे, आणि ज्याला घर विकणं भागच आहे, आजारपणासाठी, घटस्फोटासाठी, देणी फेडायला, तोच पहिला अडकतो.

एक बारीक मुद्दा राहिला, महागाईचा. "दहा वर्षांत भाव पडलेले नाहीत" हे वाक्य मी तुमच्याकडेच वाचलंय. महागाई वर्षाला पाच टक्के धरली आणि घराचा आकडा दहा वर्षं जागचा हलला नाही, तर खऱ्या अर्थाने ते घर ३९ टक्के स्वस्त झालं. वर व्याज, दुरुस्ती आणि कर वेगळा. अशी मूक घसरण ग्राफवर सरळ रेघ दिसते म्हणून कोणी तिला घसरण म्हणत नाही. आणि "जमिनीचा भाव कधी पडत नाही" म्हणणाऱ्यांसाठी जपान आहेच, तिथे १९९१ च्या शिखरानंतर सरकारी पाहणीतला जमिनीचा सरासरी भाव सलग पंधरा वर्षं दरवर्षी खालीच येत गेला. एक अख्खी पिढी "आता तरी वर जाईल" म्हणत नोकरीला लागली आणि मध्यमवयीन झाली.

म्हणून साध्या मागण्या करतो. घरांच्या बातमीत आकडा आला की तो रजिस्टर झालेल्या सौद्याचा की नुसत्या जाहिरातीतला, हे एका ओळीत लिहा. सौद्यांची संख्या द्या आणि गेल्या वर्षी त्याच महिन्यात किती होती तीही द्या. विकायला असलेली घरं भागिले महिन्याला विकली जाणारी घरं, एवढा साधा भागाकारही द्या, साधारण सहा महिन्यांचा साठा म्हणजे बाजार समतोल असं धरतात, तो बारा-पंधरावर गेला की वाचकाला कोणी काही समजवायची गरज राहत नाही. आकडा कोणी पुरवला ते लिहा, आणि पुरवणाऱ्याची त्याच पानावर अर्धं पान जाहिरात असेल तर तेही लिहा. हे शेवटचं जरा अवघड जाईल हे मला कळतं.

बाकी तज्ज्ञांची मतं हवी तेवढी छापा, माझी ना नाही, फक्त दोन वर्षांपूर्वी त्याच तज्ज्ञाने काय सांगितलं होतं ते चौकटीत शेजारी टाका.

आपला,
एक नियमित वाचक (अजून भाड्याच्या घरात)