सराव पाठ डिजिटलही हवेत

डिजिटल शाळांवरील आपल्या लेखात सारा भर उपकरणांच्या खरेदीवर आहे; त्याला माझा आक्षेप आहे. मी बी.एड.ची छात्राध्यापिका आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने हा अभ्यासक्रम २ वर्षांचा करून शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी २० आठवडे ठेवले. माहिती तंत्रज्ञान त्यात आहे, पण ते बरेचदा लेखी कामातच संपते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करणे सोपे. पण त्यातून उघडणारा ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचा व्हिडिओ पाठाच्या कोणत्या टप्प्यावर दाखवावा, कुठे थांबवून प्रश्न विचारावा, हे मुलांसमोर उभे राहूनच कळते. म्हणून काही सराव पाठ डिजिटल साधनांसह घेणे विद्यापीठांनी बंधनकारक करावे आणि निरीक्षकांनी त्यांना गुण द्यावेत. रेंज गेल्यावर पाठ कसा सावरला, हेही त्यात तपासावे.

– एक छात्राध्यापिका, सोलापूर