झोन नाही आला म्हणजे काढा फेल?

मा. संपादक,

मागच्या आठवड्यात आपल्या आरोग्याच्या पानावर बेलफळ जुलाबावर रामबाण, लॅबमध्येही सिद्ध, अशी बातमी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी तालुक्याच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, दरवर्षी प्रोजेक्टला दोनतीन पोरं तरी बेलाचा नाहीतर पेरूच्या पानांचा काढा घेऊन येतात. प्लेटवर ई. कोलाय (जुलाब करणारे जिवाणू) पसरवायचे, आगरमध्ये (जिवाणू वाढवायची जेलीसारखी खळ) भोक पाडून काढा भरायचा, रात्रभर 37 डिग्रीला ठेवायचं, सकाळी भोकाभोवती स्वच्छ गोल कडं दिसलं (त्याला झोन म्हणतात) तर भारी, नाहीतर 'नो अ‍ॅक्टिव्हिटी' लिहून मोकळं. बेलाला आमच्याकडे कधीच झोन आला नाही. गेल्या वर्षी एक मुलगी प्लेट हातात धरून रडायलाच आली, तिची आजी कच्च्या बेलफळाचा वाळवलेला गर उकळून अख्ख्या घराला देत आलीय आणि प्लेट म्हणतेय की यात काहीच नाही.

पण जंतू मारायलाच हवा असं कुठंय? 1959 साली कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू गाळून काढले आणि नुसतं उरलेलं पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं, तरी आतडं पाण्यानं फुगलं, म्हणजे खेळ सगळा विषाचा! मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चचा 2009 चा बेलफळावरचा अभ्यास आहे, त्यांच्याकडेही तपासलेल्या सहा प्रकारच्या जिवाणूंपैकी एकही काढ्यानं मेला नाही, पण ते तिथंच थांबले नाहीत. जिवाणूंचं लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींना चिकटणं आणि आत घुसणं कमी झालं, कॉलऱ्याचं विष कमी बनलं आणि बनलं तेही नीट चिकटेना. जिआर्डिया (जुलाब करणारा परजीवी) आणि रोटाव्हायरस (जुलाबाचा विषाणू) यांच्यावर तर थेट मारा झाला. ई. कोलायचं एक विष उष्णतेलाही टिकतं, त्यावर मात्र काही फरक नाही, तेही त्यांनी सरळ लिहिलंय, मला हे फार आवडलं.

उलट पुष्कळ रिसर्च पेपरांत उंदराला काढा द्यायचा, मग एरंडेल पाजायचं आणि पिंजऱ्याखालच्या कागदावरचे ओले डाग मोजायचे, शेजारी तुलनेला लोपेरामाइड (आतडं संथ करून जुलाब थांबवणारं औषध). अहो एरंडेलाच्या जुलाबात जंतू असतोच कुठे? आतडं संथ झालं की डाग कमी होतात, आणि रक्ताची हगवण असताना आतडं थांबवणं उलट धोक्याचं, लहान पोरांना तर लोपेरामाइड देऊच नये.

माझं म्हणणं एवढंच की लॅबमध्ये सिद्ध छापताना कशावर ते लिहा, प्लेटवर, पेशींवर, उंदरावर की पेशंटवर. पेरूच्या पानांच्या काढ्याची मोठ्या माणसांवर ट्रायल झालीय, तशी बेलाचीही व्हायला पाहिजे आणि त्याला सरकारनं पैसे द्यायला पाहिजेत. आमच्यासारख्या कॉलेजात पेशी वाढवायची सोय नाही, विद्यापीठानं निदान प्रोजेक्टच्या पोरांना तरी ती वापरू द्यावी. आणि त्या बातमीत ओआरएस आणि झिंकच्या गोळ्यांचा एक शब्द नव्हता. जुलाबात लेकरू जातं ते अंगातलं पाणी आणि मीठ गेल्यानं, बातमी वाचून एखाद्या आईनं नुसता काढा पाजत दिवस घालवला तर काय करायचं? तेवढी ओळ उद्याच्या उद्या त्याच पानावर छापा, ही कळकळीची विनंती.

आपली एक वाचक