कशावरून?

आदरणीय बाई,

मनापासून नमस्कार.

तुम्ही दिलेली शंभर पानी वही अजून माझ्याजवळ आहे. पहिल्या पानावर तुम्ही पट्टीने उभी रेघ मारून दोन रकाने पाडले होते. डावीकडे लिहिलं होतं ‘काय’ आणि उजवीकडे ‘कशावरून’. वही देताना एवढंच म्हणालात, “डावीकडचं कुणीही लिहील. उजवीकडचं भरेपर्यंत मला दाखवू नकोस.” मी तेव्हा नववीत होते आणि वाचनालयाच्या खिडकीशेजारच्या टेबलावर रोज संध्याकाळी ठाण मांडायचे, कारण घरी अभ्यासाला जागा नव्हती. आज पुण्यात भूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचे आभार कधी नीट मानलेच नाहीत, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण त्या टेबलाशी बसलेली आम्ही सगळी आता गावोगावी पांगलोय. त्यांनीही ते वाचावं असं वाटतं.

सुरुवात झाली ती २०१९च्या विज्ञान प्रदर्शनापासून. लोणारचं सरोवर आमच्या गावाहून एसटीने तासाभरावर, म्हणून मी तोच विषय घेतला. तक्ता रंगवून झाला होता. पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचा खड्डा, काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेला, वय ५२ हजार वर्षं. मग तुमच्याच कपाटातल्या एका मासिकात वाचलं, वय ५ लाख ७० हजार वर्षं. मी रडकुंडीला आले. परवा प्रदर्शन, आणि दोन्ही आकडे छापलेले! तुमच्याकडे येऊन विचारलं, “बाई, सरासरी काढू का?”

तुम्ही हसला नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणालात, “हे घड्याळ बंद आहे आणि माझ्या हातातलं चालू आहे. दोघांची सरासरी काढलीस तर किती वाजले ते कळेल का?” मग म्हणालात, आधी बघ, ही दोन घड्याळं कोणती आहेत.

त्या दोन संध्याकाळींइतकं मी नववीच्या अख्ख्या वर्षात शिकले नसेन. ५२ हजारांचा आकडा १९९०च्या दशकातला. खडकातल्या खनिजांमध्ये आसपासच्या नैसर्गिक किरणोत्साराने थोडी थोडी ऊर्जा अडकत जाते. ती खनिजं तापवली की ती ऊर्जा मंद प्रकाश होऊन बाहेर पडते. उल्का आदळली तेव्हाच्या उष्णतेने आधीचा साठा पुसला गेला असं धरायचं आणि नंतर किती साठला ते प्रकाशावरून मोजायचं. दुसरा आकडा साधारण २०१०चा. त्यातलं घड्याळ वेगळं. पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय सावकाश अरगॉन वायूत बदलत असतो. खडक वितळला की जुना अरगॉन निसटतो, थिजल्यावर नवा साठू लागतो. दोन्ही आकड्यांपुढे ‘अधिक-उणे’ होतं, एकाला ६ हजार, दुसऱ्याला ४७ हजार. वय सांगणाऱ्यांनी आपली चूक केवढी असू शकते हेही आकड्यात सांगितलंय, हे मला पहिल्यांदा दिसलं. आणि त्या चुका पदरात घेऊनही दोन वयं एकमेकांच्या जवळपास येत नव्हती. म्हणजे निदान एक घड्याळ तरी चुकीचं चाललं होतं. अरगॉनचं घड्याळ इतक्या जुन्या, वितळलेल्या खडकाला जास्त भरवशाचं, असं आज मी कारणांसकट सांगू शकते. तेव्हा नव्हते सांगू शकत, आणि तुम्हीही मला तसं लिहू दिलं नाहीत. “तुला जेवढं समजलंय तेवढंच लिही,” म्हणालात. तक्त्यावर मी दोन्ही वयं लिहिली आणि प्रत्येकाखाली ते कसं काढलं ते.

प्रदर्शनात परीक्षक म्हणाले, उत्तर एकच असतं, एवढंही माहीत नाही का. नंबर आला नाही. मी तक्ता गुंडाळून थेट वाचनालयात आले. तुम्ही नंबराचं विचारलंच नाहीत. विचारलंत, “त्यांनी सांगितल्यावर एक आकडा खोडलास का?” मी नाही म्हटलं. तुम्ही उठून चहा टाकलात. बाई, तो चहा मला आलेल्या कुठल्याही नंबरापेक्षा मोठा वाटतो.

त्यानंतर वही भरू लागली आणि माझ्या लक्षात आलं, की उजवा रकाना दर विषयाला वेगळ्याच भाषेत बोलतो.

गणिताचंच बघा. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. वर्गात आम्ही कोनमापकाने मोजले होते. कुणाचे १७९ आले, कुणाचे १८१, माझे १८०.५. मी वहीत लिहिलं, “कशावरून : चाळीस मुलांनी मोजलं.” तुम्ही त्यावर पेन्सिलीने गोल केला. “मोजून १८० आलेच नाहीत, मग तू १८० का लिहिलंस?” गणित तुमचा विषय नव्हता, तरी शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ ओढून मला कोन शोधायला लावलेत. दोन्ही बाजूंचे व्युत्क्रम कोन सरळ रेषेवर येऊन बसले तेव्हा अंगावर काटा आला होता. चाळीस मोजमापांनी जे दिलं नाही ते एका रेघेने दिलं, तेही न काढलेल्या सगळ्या त्रिकोणांसाठी. अर्थात सपाट कागदावरच्या. चेंडूवर तीन काटकोनांचा त्रिकोण काढता येतो हे मी अकरावीत शिकले आणि त्या ओळीपुढे ‘सपाट पृष्ठभागावर’ असं जोडलं.

आजीचं प्रकरण याहून अवघड होतं. आजी सांगायची, तिथं लोणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. पाणी खारट आहे ते त्याच्या रक्ताने. मी वहीत लिहिलं आणि पुढे ठसक्यात ‘खोटं’ असा शेरा मारला. तुम्ही म्हणालात, “मी खरं-खोटं विचारलंच नव्हतं. या गोष्टीवरून काय कळतं ते शोध.” शोधल्यावर कळलं ते असं. ही गोष्ट रचणाऱ्यांनी तो खड्डा भोवतीच्या टेकड्यांपेक्षा वेगळा आहे हे हेरलं होतं. काहीतरी वरून आलं आणि जमीन फोडून गेलं, असं त्यांना तिथे उभं राहून वाटलं होतं. पाणी इतर तळ्यांसारखं नाही हेही त्यांना ठाऊक होतं. उल्कापाताचा पुरावा म्हणून ही गोष्ट चालणार नाही, आणि ती मी तशी कधीही वापरणार नाही. पण माणसं त्या जागेकडे कशी बघत आली याचा तो पुरावा आहेच. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याच श्रद्धेतून उभं राहिलेलं, दगडात.

मग तुम्हीच नावाकडे वळवलंत. लोणासुरावरून लोणार की लोणावरून लोणासुर? लवणाचं ‘लोण’ झालं, म्हणजे मीठ, आणि त्यावरूनच लोणचं. मी लगेच उत्साहाने खाली ‘लोणी’ही लिहून टाकलं. तुम्ही थांबवलंत. लोणी येतं ते ‘नवनीता’वरून. दिसायला शेजारी, पण घराणं वेगळं. शब्द सारखे दिसतात एवढ्यावर भागत नाही, मधल्या काळात ध्वनी कसे बदलत गेले ते दाखवावं लागतं, ‘अव’चा ‘ओ’ झालेला इतर शब्दांतही सापडावा लागतो. मराठीच्या तासाला ‘मला असं वाटतं’ हे पुरतं, असा माझा तोवरचा समज होता. भाषेतही पुरावा मागता येतो, हे त्या दिवशी कळलं.

इतिहासाचं पान मला सगळ्यांत आवडतं. ‘आईन-ए-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, मेहकर सरकारच्या, म्हणजे तेव्हाच्या महसुली विभागाच्या, वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. तिथे काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळतो आणि त्यातून राज्याला चांगलं उत्पन्न होतं, असं. मी लिहिलं, “कशावरून : जुन्या पुस्तकात आहे.” तुम्ही विचारलंत, ते कुणी लिहिलं, कुणासाठी, आणि खोटं लिहून त्याला काय मिळालं असतं? उत्तर शोधताना लक्षात आलं, की हा दरबाराचा हिशेब. दरबाराची स्तुती असेल तिथे हात राखून वाचावं. पण खाऱ्या तळ्याकाठी काय मिळतं, हे सजवून लिहिण्याचं कारण दिसत नाही. शिवाय पाणी आजही क्षारांनी भरलेलं आहे, म्हणजे रसायनशास्त्र त्या जुन्या कारकुनाच्या बाजूने साक्ष देतं. दोन विषय असे एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा जो भरवसा वाटतो तो एकट्या कुठल्याच विषयाने कधी वाटला नाही.

जून २०२० आठवतो? टाळेबंदी होती, वाचनालयाला कुलूप, आणि सरोवर गुलाबी झालं. फोनवर दर तासाला नवं कारण येत होतं. कोप, प्रदूषण, शेवाळ, काय वाटेल ते. मी तुम्हाला फोन करून विचारलं, वहीत काय लिहू. तुम्ही म्हणालात, “डावीकडे लिही, पाणी गुलाबी झालंय. उजवीकडे काहीच लिहू नकोस. पाण्याचे नमुने गेलेत ना तपासायला? येऊ दे.” मी रोज ती रिकामी जागा बघायचे. फार जड गेलं मला ते. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं उत्तर आलं. अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव, त्यांच्यातलं रंगद्रव्य गुलाबी. नमुन्यातले जीव तळाशी बसल्यावर वरचं पाणी नितळ झालं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हता. पाणी नुसतं ठेवून बघायचं, इतकं साधं! रकाना रिकामा ठेवता येणं ही मला तुमच्याकडून मिळालेली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. परीक्षेत रिकाम्या जागेला शून्य मिळतं, त्यामुळे ती कुणी शिकवत नाही.

आता जे सांगायला मुख्यतः पत्र लिहायला घेतलं ते.

मागच्या महिन्यात आमच्या विभागात मी लोणारच्या खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या, प्रकाशात काळे-पांढरे पट्टे दाखवतात आणि काप ठेवलेली चकती फिरवली की उजळतात, विझतात. आघात झालेल्या खडकात काही स्फटिकांचा आकार तसाच राहतो, पण चकती कितीही फिरवा, ते काळेच. आतली रचना मोडून त्यांची काच झालेली असते. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. तसं व्हायला हवेच्या दाबाच्या लाखो पट दाब क्षणात पडावा लागतो, आणि ज्वालामुखी एवढा दाब देऊ शकत नाही. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने लोणारची तुलना ॲरिझोनातल्या विवराशी केली होती. साम्य त्याने अचूक ओळखलं, पण दोन्ही वाफेच्या स्फोटाने झाली असं ठरवलं. दोन्ही उल्केची निघाली. लोणारचा निकाल लागला १९७३ साली, तळाला भोकं पाडून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्यावर.

पण बाई, पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. काळा ठिपका म्हणजे भोक की काच, कळेना. सरांनी शेजारी बसून दाखवलं, तेव्हा दिसलं. मी रात्री वही काढली आणि अडकले. उजवीकडे ‘स्वतः पाहिलं’ लिहू की ‘सरांनी सांगितलं’? प्रत्यक्ष प्रमाण म्हणून आपण ज्याचा एवढा डांगोरा पिटतो त्यासाठीही आधी कुणीतरी बघायला शिकवावं लागतं. मग मी सगळी वही पुन्हा चाळली. किरणोत्सार मी मोजलेला नाही. अकबराच्या दरबाराचा ग्रंथ मूळ फारसीत मी वाचलेला नाही. सूक्ष्मजीव पाहिलेले नाहीत. दहातली नऊ पानं कुणा ना कुणाच्या शब्दावर उभी आहेत. एरवी मी घाबरले असते. पण तुम्ही एकदा म्हणाला होतात, की जुन्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, शब्द हेही प्रमाण मानलं, मात्र आप्ताचा शब्द. ज्याला माहीत आहे आणि जो ते जसंच्या तसं सांगतो, त्याचा. मी शेवटी दोन्ही लिहिलं, ‘पाहिलं, सरांनी बघायला शिकवलं.’ हे बरोबर आहे ना?

मला तुम्ही पुस्तकं दिलीत, टेबल दिलंत, लाइट गेल्यावर स्वतःची बॅटरी दिलीत. पण आभार मानायचे ते यासाठी, की चौदा वर्षांच्या मुलीचा प्रश्न तुम्ही कधी हसण्यावारी नेला नाहीत आणि स्वतःचं उत्तरही कधी लादलं नाहीत. तुम्हाला येत नसेल तेव्हा “मला नाही माहीत, चल बघू” म्हणायचात आणि खरंच उठून कपाटापाशी जायचात. मोठं माणूस असं म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

वहीत एक ओळ अजून रिकामी आहे. खाली सरोवराकाठच्या कमळजादेवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर. आजी म्हणायची, अर्धं पाणी खारं नि अर्धं गोड. नवरात्रात आम्ही उतरलो होतो, पण पाण्यावर इतकी शेवाळ होती की चाखायची हिंमत झाली नाही. पुढे मी लिहून ठेवलंय, ‘आजीकडून ऐकलं, चाखलं नाही.’ आजी आता नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी येतेय. वनखात्याची परवानगी मिळाली तर दोन्ही बाजूंचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊ, इथे विभागात क्षार मोजता येतील. तुम्ही सोबत याल का? उतार अवघड आहे, पण सकाळी लवकर निघून सावकाश उतरू. वही मी घेऊन येईन.

तुमची,
खिडकीशेजारच्या टेबलावरची